दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजोबांची मोटारसायकल भंगारात देणार का. तुमच्या बाबांनी सांगितलं असणार, की आमची वारज्याची इमारत पाडून नवी बांधायची ठरली आहे आणि पार्किंग रिकामं करून द्यायचं आहे. ते खरं आहे. जिन्यात नोटीस लागली आहे आणि तिच्यात 'जुनी व विनावापर वाहने' असे शब्द आहेत. जुनी म्हणजे किती जुनी, असं मी सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "काकू, तुमच्या गाडीला आता सोसायटीनंच पेन्शन सुरू करायला हवी." आमच्याकडे नोटीससुद्धा अशी तोंडी पुरवणी जोडून मिळते.

मोटारसायकल भंगारात जाणार नाही. का नाही, ते फोनवर सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. तुमच्या बाबांना वाटतं की ही गोष्ट त्यांना ठाऊक आहे. त्यांना ठाऊक आहे ते एवढंच, की ते अमेरिकेला निघायच्या आधी आजोबांनी गाडीच्या इंजिनातली चेन बदलली. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मलाही अवघड नव्हतं. आयुष्यभर शाळेत मी तीच भाषा शिकवली. पण या गोष्टीत इंजिनाचे आवाज आहेत आणि ते मला मराठीतच ऐकू येतात. जिथे अडेल तिथे बाबांना वाचून दाखवायला सांगा. त्यांनाही कळेल.

गाडी विलायती, दोन सिलिंडरची, आमच्या लग्नाच्या आधी बनलेली. आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, साचे-अवजारं घडवणाऱ्या टूलरूममध्ये होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहत होतो. निवृत्त होऊन गावी निघालेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली, तेव्हा ती चालत नव्हती. ढकलत घरी आणली आणि चालती केली. आमच्या दोन्ही घरांत तोवर सायकलच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या पिढीनं धम्म स्वीकारला, मुलींना शाळेत घातलं, मला तर थेट मिशनच्या इंग्रजी शाळेत. पण इंजिन असलेली वस्तू आपल्या मालकीची असणं, हे आमच्याकडे त्या गाडीनं आणलं. पौर्णिमेला विहारात गेलो की आजोबा ती अगदी फाटकाला लागून उभी करत. लोकांना वाट ठेवा, बाजूला लावा, असं मी म्हणायची. ते म्हणायचे, "वाट आहे. दिसू दे."

त्यांचा कान क्वार्टर्समध्ये प्रसिद्ध होता. कुणाची स्कूटर बिघडली की ती आधी आमच्या दारात यायची. आजोबा आतून लांब दांड्याचा, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणायचे. त्याचं टोक इंजिनावर ठेवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतात तसंच. मग एकच शब्द सांगायचे. बेअरिंग, किंवा टॅपेट. कधी नुसतंच, "काही नाही, चालवा." ते ऐकून माणूस जसा हसत जायचा, तसा दवाखान्यातूनही कुणी जात नसेल.

तो कान गेला. एकदम नाही गेला, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. निवृत्तीनंतर आम्ही वारज्याला फ्लॅट घेतला. तेव्हा खिडकीतून ज्वारी दिसायची, आणि बघता बघता ज्वारीच्या जागी आमच्यासारख्याच इमारती उभ्या राहिल्या. तुमचे बाबा सॉफ्टवेअरमध्ये लागले. सगळीकडे नव्या नोकऱ्या, नव्या गाड्या, घरोघरी फोन. आमच्याकडेही आला. तो वाजला की आजोबा उचलायचे, "हो, हो, देतो हं" म्हणायचे आणि माझ्या हातात द्यायचे. आधी मला वाटलं, त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही. मग ते विहारात मागे बसायला लागले. मग कुणाशीही बोलताना सगळं बोलणं स्वतःच करायला लागले, म्हणजे समोरच्याचं ऐकायची वेळच येऊ नये.

मी कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला. तुमच्या बाबांनीही काढला. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे आमचे ओठ बघितले, आणि म्हणाले, "ज्या दिवशी मला माझं इंजिन ऐकू येणार नाही, त्या दिवशी मी आपण होऊन येईन."

इंजिन त्यांना ऐकू येतं की नाही हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार?

त्याच सुमारास तुमच्या बाबांचं अमेरिकेचं नक्की झालं. होळीच्या आसपास निघायचं होतं. घरात सगळे खूश होते, मीही होते. पण भांडी लावताना, इस्त्री करताना एकच गोष्ट मनात यायची. मुलगा गेला की आमच्याकडे उरणार तो फोन, आणि फोन आजोबा माझ्या हातात देणार. म्हणजे बाप आणि मुलगा यांच्यातलं बोलणं विमानतळावर संपणार. मग पुढची वर्षं मी मध्ये उभी राहून एकाचं दुसऱ्याला सांगत बसणार.

आणि त्या दिवाळीत गाडी वाजायला लागली.

सुरुवातीला फक्त थंड इंजिनाला. पत्र्याच्या डब्यात चिंचोके घालून हलवावेत तशी खुळखुळ. जरा तापलं की थांबायची. मग तापल्यावरही थांबेना. महिनाभरात खुळखुळीची खडखड झाली. आजोबा रोज सकाळी दूध आणायला ती काढत आणि मी वरच्या गॅलरीतून ऐकत असे. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढल्यावर मला इंजिन थोडंफार कळत होतं. या गाडीच्या उजव्या अंगाला एक झाकण आहे आणि त्याच्याखाली चेन. खाली पिस्टनमुळे फिरणारा दांडा आणि वर व्हॉल्व्ह उघडणारे कॅम, यांना ती एका तालात बांधून ठेवते. चेन सैल पडू नये म्हणून एक पट्टी तिला बाजूनं दाबून धरते, तो टेन्शनर. चेन झिजून लांबली आणि पट्टीही झिजली, की चेन फटके मारायला लागते. तशीच चालवली तर एक दिवस चाकाचे दात सोडून उडी मारते. ताल चुकला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपतं.

हे सगळं मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्यांना ते ऐकू येत नव्हतं.

सांगावं, तर त्यांच्याच शब्दात त्यांना पकडल्यासारखं होणार होतं. डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे मला हवं तेच होणार होतं, पण असं नको होतं. ज्या माणसाकडे लोक आपली इंजिनं ऐकवायला आणत, त्याला त्याच्याच इंजिनाची बातमी बायकोनं द्यायची? न सांगावं, तर गाडी जाणार. मी आडून सुचवून पाहिलं, की तेल बदलायला गाडी खडकीला नेऊ या. "तेल मला बदलता येतं," ते म्हणाले.

विषय फुटला तो जेवताना. तुमच्या बाबांना चेनबिन काही ठाऊक नव्हतं. ते सहज म्हणाले, "बाबा, मी जायच्या आधी विकून टाका ती. रस्ते आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. आणि केवढी वाजते."

आजोबांनी घास खाली ठेवला. "काय वाजते?" म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, "वाजते का गं?"

मी म्हणाले, "आमटी वाढू का?"

ते माझ्या तोंडाकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिले. मग त्यांनी आमटी घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चहा घेऊन मी खाली गेले तर गाडी स्टँडवर चालू होती आणि आजोबा स्टुलावर बसून स्क्रूड्रायव्हरनं ऐकत होते. टोक झाकणावर, मूठ कानाला. टोक जरा पुढे, जरा वर, मग दुसरा कान. चेहऱ्यावर काही उमटेना. झाकण एवढं वाजत होतं की माझ्या पायाखालची फरशी थरथरल्यासारखी वाटत होती, आणि ते बाहेरगावच्या माणसानं पत्ता शोधावा तसे त्याच्यावर टोक फिरवत होते. चहाचा कप धरून मी पार्किंगच्या खांबाशीच थांबले.

एका हातानं त्यांनी थ्रॉटल धरला होता. तेलाच्या नळीचा नट हलतोय का, हे दुसऱ्या हातानं बघायचं होतं. हात अडकले की हत्यार दातांत धरायची त्यांची सवय कारखान्यापासूनची. त्यांनी मूठ दातांत धरली आणि वाकले. वाकताना टोक झाकणाला टेकलं.

ते चटका बसल्यासारखे मागे सरले. क्षणभर गाडीकडे बघत राहिले. मग मूठ पुन्हा दातांत घट्ट धरून त्यांनी टोक मुद्दाम टेकवलं आणि डोळे मिटले. तो चेहरा मी कितीतरी वर्षांनी बघत होते. ते बराच वेळ तसेच राहिले. मग गाडी बंद केली.

"चेन आहे," ते म्हणाले. "टायमिंगची."

मी कप पुढे केला.

"तुला ऐकू येत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि तू मला आमटी वाढलीस."

त्यांनी चहा प्यायला. कप परत देताना म्हणाले, "आधी हिचं. मग माझं. शब्द दिलाय."

खडकी बाजारात जुन्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. दुकानदार मुसलमान, तीन पिढ्या तिथलेच. त्यांना सगळे चाचा म्हणत. आम्ही गाडी घेऊनच गेलो, अगदी सावकाश. चाचा दुकानाबाहेर येऊनच उभे होते. आजोबांच्या कानाशी येऊन ते मोठ्यानं म्हणाले, "साहेब, गेल्या खेपेसारखीच तुमची गाडी पुलापासून ऐकू आली. मला वाटलं, पोराच्या जाण्याचा बँड लावलाय."

"मग बोलला का नाहीस?" आजोबांनी विचारलं.

"भाभी आहेत ना घरात. म्हटलं, त्या बोलतील."

भाभींनी दुकानातल्या पाट्या वाचायला घेतल्या.

चेन त्यांच्याकडे निघाली. टेन्शनरची पट्टी कुठेच मिळणार नव्हती. चाचांनी कडक नायलॉनचा एक जाड तुकडा दिला. जुन्या पट्टीचा पाया ठेवून त्यावर तो रिव्हेटनं बसवायचा आणि आकार आजोबांनी कानशीनं घासून आणायचा, असं ठरलं. टूलरूमच्या माणसाला ते काम म्हणजे मेजवानी. दोन-तीन दिवस गॅलरीत त्या कानशीची करकर चालली होती. तीही त्यांना ऐकू येत नव्हती, मला येत होती.

मग झाकण उघडलं. मी मदतनीस होते. वर्तमानपत्रावर झाकणाचा आकार काढून, ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी ठेवत गेले. ते हसले, म्हणाले, वर्गात हजेरी घेतेयस का. पण पुढे तो कागद उपयोगी पडला. आत बघितलं तर पट्टी पार लोखंडापर्यंत झिजलेली, आणि झाकणाच्या आतल्या अंगाला चेनच्या फटक्यांनी चर पडलेला. त्यांनी जुनी चेन काढून हातात आडवी धरली. ती मान टाकून खाली वाकली. नवी धरली, ती ताठ राहिली. "बघितलंस?" ते म्हणाले. मी बघितलं. दातेरी चाकांवरच्या पांढऱ्या रंगाच्या खुणा एकमेकींसमोर आणून त्यांनी चेन बसवली, पट्टी बसवली, ताण दिला. जाड कागद झाकणाच्या कडेवर धरून, हातोडीनं हलकेच ठोकत, तेल गळू नये म्हणून मध्ये बसवायचं गॅस्केट कापलं. तेल भरलं, गाडी सुरू केली आणि स्क्रूड्रायव्हर दातांत धरला.

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अजून वाजतेय."

मला तर गाडी छान वाटत होती. तरी म्हटलं, त्यांना कळत असेल. पुन्हा तेल काढलं, झाकण काढलं, ताण वाढवला. पुन्हा नवं गॅस्केट. पुन्हा आठी. पुन्हा झाकण. असं करता करता संध्याकाळ झाली. शेवटच्या वेळी गाडी सुरू झाली तेव्हा खुळखुळ, खडखड काहीच नव्हतं. त्याऐवजी सुंई अशी एक बारीक शीळ, थ्रॉटल पिळला की वर चढणारी. ते स्क्रूड्रायव्हर दातांत धरून समाधानानं मान हलवत होते.

मी जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, आवाज येतोय. वेगळा."

"मला आतून ऐकू येतंय," ते म्हणाले. "तुला बाहेरून काय कळणार?"

"बाहेरून जे कळतं तेच सांगतेय. इतके दिवस सांगितलं नाही. आता सांगतेय."

त्यांनी गाडी बंद केली. मी त्यांच्या समोर, चेहरा दिसेल अशी, उलट्या बादलीवर बसले. म्हटलं, तुम्हाला किती वर्षांनी काहीतरी ऐकू आलंय. या गाडीत कुरकुर आहे, टकटक आहे, दात दातांवर फिरतायत, ते सगळं पूर्वीही होतं. तुम्हीच लोकांना सांगायचात, काही नाही, चालवा. आता तुम्हाला प्रत्येक आवाज दुखणं वाटतोय. तो बंद होईपर्यंत तुम्ही तिला आवळताय.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर स्टुलावर ठेवला. मग म्हणाले, "मग कुणी ठरवायचं?"

"दोघांनी," मी म्हणाले.

अंधार पडायच्या आत त्यांनी झाकण पुन्हा उघडलं. या वेळी घाई केली नाही. इंजिन हातानं थोडं थोडं फिरवत प्रत्येक जागी चेनवर बोट दाबून बघत गेले. चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. एका जागी सैल लागते, तर जरा फिरवलं की तीच दोरीसारखी ताठ होते. नेमक्या सैल जागी त्यांनी ताण वाढवत नेला होता, म्हणून ताठ जागी ती किंचाळत होती. "हे मला ठाऊक होतं," ते स्वतःशीच म्हणाले. "नव्या पोरांना मीच सांगायचो." ताठ जागा सापडल्यावर त्यांनी ताण तिथे लावला, आणि बोटानं चेन जरा हलेल एवढी मोकळीक ठेवली.

मग ते दातांनी आणि मी कानांनी, असं आम्ही ऐकलं. मी खांबाशी उभी होते. गाडी थंड होती तेव्हा अगदी हलकी खुळखुळ. तापली, ती गेली. सुंई नव्हती. ते इंजिनाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मान हलवली. त्यांनी दातांतून मूठ काढली आणि म्हणाले, "काही नाही. चालवा."

ठरल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी एक लोखंडी चिमटा, ट्यूनिंग फोर्क म्हणतात तो, गुडघ्यावर आपटून त्यांच्या कानाजवळ धरला. आजोबांनी मान हलवली, नाही. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. आजोबांनी माझ्याकडे वळून बघितलं. "स्क्रूड्रायव्हरच आहे," ते म्हणाले, "फक्त मूठ नाही." डॉक्टरांना काही कळलं नाही. कानाची नस चांगली आहे, पण आतलं एक बारीक हाड जाम झालंय, त्यामुळे हवेतला आवाज आत पोचत नाही आणि हाडावरून मात्र पोचतो, असं त्यांनी समजावलं. ऑपरेशन करता येईल किंवा यंत्र लावता येईल. आजोबा म्हणाले, "इंजिन उघडू नका. बाहेरून बसवा काय ते."

यंत्र आलं आणि पहिल्या दिवशीच टेबलाच्या खणात गेलं. वर्तमानपत्राची पानं वाजतात, कुकर ओरडतो, तुझ्या बांगड्यांनी डोकं उठतं, अशी तक्रार. मी वाद घातला नाही. म्हणाले, "चेन घट्ट झालीय. थोडी सैल करून आणा." ते हसले, जाऊन आवाज कमी करून आले, आणि मग यंत्र कानामागे राहिलं.

होळीच्या आधी तुमचे बाबा अमेरिकेला गेले. तिथून पहिला फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातून मुद्दाम सावकाश बाहेर आले. आजोबांनी रिसीव्हर उचलला होता. तो कानाला नाही, कानामागच्या यंत्राला लावायचा, हे त्यांच्या लक्षात होतं. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे न बघता मानेनंच नको म्हटलं. मग फोनमध्ये विचारलं, "तुझा आवाज बसलाय का रे? थंडी आहे वाटतं तिथे." आमच्याकडे आता उन्हाळा लागलाय, हे त्यांनी सांगितलं. गाडी कशी चालते तेही सांगितलं. माझी पाळी आली तोवर कॉल संपत आला होता.

तुम्हाला आठवतात ते आजोबा फोनवरचेच. तुमच्यातली थोरली बाटलीनं दूध प्यायची तेव्हा ते फोन तिच्याजवळ धरायला लावत. एकदा ऐकून म्हणाले, "हवा खेचतेय. बूच नीट बसवा." तुमच्या आईनं बघितलं, तर खरंच बूच तिरकं होतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मोटारसायकल पुढच्या महिन्यात धायरीला माझ्या बहिणीच्या अंगणात, शेडखाली जाईल. ती अजून सुरू होते. थंडीत जरा खुळखुळते, तापली की थांबते. चेन तीच आहे आणि नायलॉनची पट्टीही तीच आहे. स्क्रूड्रायव्हर धायरीला जाणार नाही, तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याच्या लाकडी मुठीवर वरच्या आणि खालच्या अंगाला आजोबांच्या दातांच्या खुणा आहेत.